जाड फळी कापायची आहे? रेलवाल्या करवतीला ब्लेड कोणतं लावायचं ते आधी पाहा



16 जून ते 15 ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद. जाळी वाळत पडतात आणि डोंगे काठावर पालथे होतात. वर्षभर पाण्यात राहिलेल्या डोंग्याची खरी तब्येत याच दिवसांत कळते. कुठं तळाची फळी मऊ झालेली असते, कुठं दोन फळ्यांमधली सांध उघडलेली असते. मग सुतार मिस्त्रीला बोलावणं आलं, नवी फळी आली, आणि फळी आली की कापणं आलं.

पांढुर्णा आणि सौंसरकडच्या मिस्त्रींकडे आता हाताच्या करवतीसोबत मशीनही आली आहे. काहींकडे साधं चक्रीचं मशीन आहे, काहींकडे रेलवर सरकणारी करवत. ॲल्युमिनियमची लांब पट्टी फळीवर ठेवायची, मशीन त्या पट्टीच्या खाचेत बसवायचं आणि सरळ ढकलत न्यायचं. काप सुतासारखा सरळ येतो. डोंग्याच्या कामात याचा मोठा फायदा, कारण शेजारशेजारच्या दोन फळ्यांच्या कडा जितक्या सरळ, तितकी सांध बारीक. सांध बारीक असली की डांबर-राळ कमी लागते आणि पाणीही कमी शिरतं.

पण बरेच जण एक तक्रार सांगतात. "मशीन चांगली आहे भाऊ, पण दोन इंची सागवान घातलं की धूर निघते. काप काळा पडते. मधेच अडकते." यात बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. दोष ब्लेड निवडण्यात असतो. म्हणून आज फक्त ब्लेडवर बोलू.

मशीनसोबत आलेलं ब्लेड कशासाठी असतं?

रेलवाल्या करवती मुळात प्लाय, लॅमिनेट आणि फर्निचरच्या कामासाठी जास्त विकल्या जातात. त्यामुळे डब्यात बहुतेक वेळा बारीक दातांचं ब्लेड येतं, साधारण 40 ते 56 दात्यांचं. प्लायवर त्याचा काप काचेसारखा येतो. तेच ब्लेड जाड फळीत उभ्या कापाला घातलं की त्याचे हाल होतात, आणि फळीचेही.

का, ते थोडं हिशेबानं पाहू. समजा ब्लेड 165 मिलिमीटरचं आहे आणि फळी 50 मिलिमीटर म्हणजे दोन इंच जाड. कापताना 48 दात्यांच्या ब्लेडचे सहा-सात दाते एकाच वेळी लाकडात असतात. 14 दात्यांच्या ब्लेडचे असतात दोनच. मोटारीची ताकद तीच, पण एकीकडे ती सहा-सात दात्यांत वाटली जाते आणि दुसरीकडे दोन दात्यांत.

दुसरा हिशेब. मशीन मिनिटाला 5,000 फेरे फिरते आहे आणि तुम्ही मिनिटाला दोन मीटर वेगानं ढकलता आहात असं धरा. 48 दात्यांच्या ब्लेडचा एकेक दाता मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी लाकूड सोलतो. इतक्या पातळ थराला कापणं म्हणत नाहीत, ते घासणं झालं. घासलं की तापतं, तापलं की लाकूड जळतं. 14 दात्यांच्या ब्लेडचा प्रत्येक दाता त्याच वेगात साडेतीन पट जाड चिप काढतो. लाकूड कापलं जातं आणि उष्णता चिपांसोबत बाहेर पडते.

तिसरी गोष्ट दोन दात्यांमधली खाच. उभ्या कापात लाकडाचे लांब लांब धागे निघतात. ते बाहेर पडेपर्यंत खाचेत मावले पाहिजेत. बारीक दातांच्या ब्लेडची खाच लहान, ती लगेच भरते. भरलेली खाच म्हणजे भुशानं चोंदलेलं ब्लेड. मग ते कितीही महागाचं असो.

जळलेली कड नुसती दिसायला वाईट नसते. त्या काळ्या, चकचकीत झालेल्या थरावर गोंद असो की डांबर, नीट धरत नाही. ऑगस्टात डोंगा पाण्यात उतरतो आणि महिन्याभरात तीच सांध गळू लागते. फळी नवी, मजुरी दिलेली, तरी पुन्हा डोंगा काठावर.

दाते किती घ्यायचे?

160 ते 165 मिलिमीटरच्या ब्लेडसाठी हा ढोबळ हिशेब लक्षात ठेवा:

12 ते 18 दाते: जाड फळीचा उभा काप, म्हणजे लाकडाच्या रेशाच्या दिशेनं. दीड इंचाच्या वरच्या सागवान, साल, बाभळीला हेच लावा.

24 ते 28 दाते: एक इंचापर्यंतच्या फळीचा उभा काप, आणि जिथं थोडं उभं, थोडं आडवं असं मिसळ काम आहे तिथं. एकच जादा ब्लेड घेण्याइतके पैसे असतील तर हे घ्या.

40 च्या वर: आडवा काप, प्लाय, पेटीचं झाकण, बसायच्या पाटीची सफाईदार कड. जाड उभ्या कापाला हे लावू नका.

210 मिलिमीटरची मोठी रेल-करवत किंवा 184 मिलिमीटरचं साधं चक्रीचं मशीन असेल तर जाड उभ्या कापाला 16 ते 24 दाते ठीक.

आडव्या कापाचं उलट आहे. रेशा तोडायचा असतो, त्यामुळे कमी दात्यांचं ब्लेड टोकाला लाकूड फाडतं. म्हणून एका ब्लेडमध्ये दोन्ही कामं नीट होणार नाहीत. जाड कामाचं एक आणि सफाईचं एक अशी दोन ब्लेडं ठेवली की दोन्ही जास्त दिवस टिकतात.

ब्लेडवर लिहिलेलं वाचायचं कसं?

दुकानात गेलात की ब्लेड हातात घ्या आणि त्यावरचे आकडे वाचा. समजा लिहिलं आहे 165 × 1.8/1.2 × 20, झेड 14.

165 म्हणजे ब्लेडचा व्यास. मशीनला जो लागतो तोच घ्यायचा. "थोडं मोठं बसते का पाहू" हा नाद नको. काही मशीनला 160 लागतं, काहींना 165. कव्हरवर किंवा मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

1.8 म्हणजे दाता जितका रुंद काप पाडतो ती रुंदी. 1.2 म्हणजे ब्लेडच्या पत्र्याची जाडी.

20 म्हणजे मधल्या भोकाचा व्यास. 160-165 च्या बऱ्याच रेल-करवतींना 20 चं भोक लागतं, मोठ्या 210 वाल्यांना बहुधा 30 चं. भोक मोठं निघालं तर कागद, पत्रा गुंडाळून बसवू नका. ब्लेड मधोमध बसत नाही आणि थरथरतं.

झेड 14 म्हणजे 14 दाते.

याशिवाय ब्लेडवर जास्तीत जास्त फेरे लिहिलेले असतात. तो आकडा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवा. 165 चं ब्लेड 5,000 फेऱ्यांवर असताना दात्याचं टोक ताशी सुमारे 155 किलोमीटरच्या वेगानं पळत असतं. त्या वेगात सुटलेला कार्बाइडचा तुकडा गोळीसारखा येतो. फेऱ्यांचा आकडाच नसलेलं ब्लेड कितीही स्वस्त मिळालं तरी ठेवून या.

सौंसर, पांढुर्ण्याच्या दुकानात हवं ते ब्लेड नसलं तर नागपूर गाठावं लागतं. चुकीचं आणलं की पुन्हा भाडं आणि पुन्हा दिवस. म्हणून निघण्याआधी जुन्या ब्लेडवरच्या सगळ्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. मशीनच्या पाटीचाही काढा.

मागची पात्यासारखी पट्टी: इथंच सगळे फसतात

बऱ्याच रेल-करवतींत ब्लेडच्या मागं एक पातळ लोखंडी पट्टी असते. कापलेली फट मागून मिटू नये आणि ब्लेड चापलं जाऊ नये म्हणून ती असते. ओल्या किंवा ताणातल्या फळीची फट मागून मिटतेच मिटते. तेव्हा चापलेलं ब्लेड मशीनला उचलून मागं, म्हणजे तुमच्याकडे फेकतं. त्यालाच आपण मशीननं उसळी मारली म्हणतो. मांडीवर, हातावर ज्या जखमा होतात त्यातल्या कितीतरी अशाच.

या पट्टीचा नियम सोपा आहे. पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड हवी आणि कापाच्या रुंदीपेक्षा पातळ हवी. पट्टी 2 मिलिमीटरची असेल आणि तुम्ही 1.8 चा काप पाडणारं ब्लेड लावलं, तर पट्टी फटीत शिरणारच नाही. मशीन जागेवर थांबेल. मग काही जण पट्टीच काढून टाकतात. असं करू नका. पट्टीला जुळणारं ब्लेड आणा.

पातळ ब्लेड की जाड?

1.8 चा काप पाडणारं ब्लेड 2.2 वाल्यापेक्षा साधारण 18 टक्के कमी लाकूड उडवतं. मोटारीवर तितका ताण कमी. बॅटरीच्या किंवा कमी वॅटच्या मशीनला पातळ ब्लेड बरं.

पण पातळ पत्रा खोल कापात वाकतो. वरून रेलच्या रेघेत चाललेला काप खाली एक-दीड मिलिमीटर बाजूला जातो. फर्निचरला चालून जाईल, पण डोंग्याच्या सांधेला नाही. वर चिकटलेली सांध खाली उघडी राहते. म्हणून मशीनला ताकद असेल आणि पट्टी जुळत असेल तर साल, बाभूळ, जुनं घट्ट सागवान यांना 2.2 च्या आसपासचं ब्लेड सरळ चालतं.

आपल्याकडचं लाकूड आणि ब्लेडची धार

सागवान हाताला मऊ लागतं, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो. तो धार खातो. साध्या लोखंडी दातांचं ब्लेड सागवानात फार लवकर बोथट होतं. म्हणून दात्यांच्या टोकाला कार्बाइड लावलेलं ब्लेडच घ्या. सागवानाचं तेल आणि चीक दात्यांच्या बाजूला चिकटतो, त्यानंही काप जळतो. कितीतरी ब्लेडं बोथट म्हणून फेकली जातात, आणि ती नुसती चिकटलेली असतात.

धुण्याचा सोडा किंवा कपड्याची पावडर घातलेल्या कोमट पाण्यात ब्लेड दहा-पंधरा मिनिटं ठेवा. जुन्या टूथब्रशनं घासा, कोरडं करा, तेलाचा हात फिरवा. कॉस्टिक घालू नका. कार्बाइड जिथं जोडलेलं असतं त्या जागेला ते चांगलं नाही.

बाभूळ घट्ट आणि जड. तिचे आतले आडवे आधार चिवट होतात, पण कापायला घाई चालत नाही. कमी दाते, सावकाश हात.

ओलं लाकूड, आणि बंदीच्या दिवसांत पावसामुळे ते ओलंच असतं, जास्त जागा मागतं. धागे फुगलेले, भुसा चिकट. कमी दाते, मोठी खाच आणि थोडा रुंद काप हवा. जमत असेल तर फळ्या उन्हाळ्यातच आणून सावलीत, मधे पट्ट्या घालून रचून ठेवा. जूनमध्ये मिस्त्रीचं निम्मं काम हलकं होतं. सागवान आणताना बिल आणि वनविभागाचा वाहतूक पास सोबत असू द्या. नाहीतर फळीपेक्षा फळीचा खुलासा महाग पडतो.

डोंग्यातून काढलेली जुनी फळी हा वेगळाच प्रकार. तिच्यात खिळे असतात, फटींत वाळू असते, वर डांबराचा थर असतो. आधी तारेच्या ब्रशनं घासा आणि डांबर खरवडा. लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. तांब्याचा खिळा चुंबकाला सापडत नाही, म्हणून डोळ्यांनीही पाहा. तरीही अशा फळीला नवं ब्लेड लावू नका, जुनंच वापरा. एक खिळा लागला तरी चार दाते जातात. फायबर चढवलेल्या डोंग्यालाही हे लाकडाचं ब्लेड लावायचं नाही. काचेचे धागे धार एका दिवसात उतरवतात.

खोली किती मिळते?

160-165 च्या रेल-करवतीला रेलवर ठेवून साधारण 55 मिलिमीटर खोली मिळते, म्हणजे दोन इंचाच्या जरा वर. 210 वाल्या मशीनला 70-75 च्या आसपास. ब्लेड कोणतंही लावा, ही मर्यादा बदलत नाही.

तीन इंची तुकडा लहान मशीननं कापायचा असेल तर दोन्ही बाजूंनी रेघ मारून, एकदा वरून आणि एकदा पालटून कापता येतो. दोन्ही रेघा गुण्यानं नीट जुळवा. त्याहून जाड ओंडका असेल तर थेट आरामशीनवर न्या. आरा जे काम दहा मिनिटांत करतो त्यासाठी छोटं मशीन जाळू नका.

दोन इंची घट्ट फळीतही एकाच दमात खाली जायचं असं नाही. पहिल्या फेरीत 15-20 मिलिमीटर, दुसऱ्या फेरीत पूर्ण. रेल जागेवरच असते, त्यामुळे काप हलत नाही. ब्लेड फळीच्या खाली चार-पाच मिलिमीटर निघेल इतकीच खोली लावा.

आणि रेल सरळच कापते, हे विसरू नका. डोंग्याच्या बाजूच्या फळीचा बाक आधीसारखाच छोट्या करवतीनं आणि वासल्यानं काढावा लागेल. रेलचं काम सरळ कडेपुरतं.

ब्लेड बरोबर लागलं की नाही, कसं ओळखायचं?

भुसा पाहा. मैद्यासारखं बारीक पीठ पडत असेल तर दाते जास्त आहेत, धार गेली आहे किंवा तुम्ही फार हळू ढकलता आहात. छोट्या चिपा पडत असतील तर बरोबर.

आवाज ऐका. मोटारीचा आवाज एकदम खाली बसत असेल तर हात सैल करा. ब्लेड चापलं जातंय असं वाटलं तर बटण सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मगच मशीन उचला. चालू मशीन फटीतून मागं ओढू नका. कापलेल्या भागात मागून लाकडाची छोटी पाचर घातली की फट उघडी राहते आणि पुढचा काप मोकळा होतो.

वास घ्या. जळका वास आला की थांबा. जोर लावून तो वास जात नाही.

एवढं करूनही मशीन दमत असेल तर वायर पाहा. काठावर काम करताना लांब आणि बारीक वायर ओढली की व्होल्टेज पडतं, फेरे कमी होतात आणि चांगलं ब्लेडही जाळू लागतं. 1,200 वॅटच्या मशीनला लांब जोडणी असेल तर 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. पाण्याजवळ काम आहे, म्हणून जोडणी 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीतूनच हवी. जमीन ओली असेल तर काम शेडमध्ये न्या.

बदलताना आणि धार लावताना

ब्लेड बदलण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. बॅटरीचं मशीन असेल तर बॅटरी काढा. ब्लेडवरचा बाण आणि मशीनवरचा बाण एकाच दिशेला हवेत. ब्लेड हाताळताना हातमोजे घाला, पण मशीन चालू करताना सैल मोजे, लोंबती बाही, गळ्यातला गमछा काढून ठेवा. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर मास्क. सागवानाचा भुसा कितीतरी जणांना खाज आणि खोकला आणतो.

कार्बाइडच्या दात्यांना तिकोनी कानस चालत नाही. त्याला हिऱ्याच्या चाकाची धार लागते. एक-दोन दात्यांचं टोक तुटलं असेल तर धार लावणाऱ्याला आधी दाखवा, तो नवं टोक बसवू शकतो का ते विचारा. पत्रा वाकला असेल, किंवा पत्र्यात बारीक तडा दिसत असेल, तर ते ब्लेड भंगारात. त्याला पुन्हा धार लावू नका.

शेवटी खर्चाचं. जाड कामाच्या चांगल्या ब्लेडला पैसे जातात, हे खरं. पण एक सागवानी फळी जळून वाया गेली, किंवा बंदी उठल्याच्या दिवशी डोंगा गळत राहिला, तर त्याहून जास्त जातात. मासे पकडायचे दिवस मोजके, आणि त्या दिवसांत डोंगा काठावर उभा राहणं कोणाच्याच घराला परवडत नाही. म्हणून मिस्त्री मशीन काढेल तेव्हा एवढंच विचारा: "दादा, यात दाते किती आहेत?" उत्तर 40-50 आलं आणि समोर दोन इंची फळी असली, तर ब्लेड बदलूनच काम सुरू करा.